आईची भिशी आणि विक्रीचा लिलाव

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

गेम थिअरीच्या अभ्यासातलं लिलावांचं प्रकरण आज हातावेगळं करायचं होतं. नाही झालं.

सकाळी अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्रीने १९६१ साली मांडलेला लिलाव वाचून काढला. लिलावावर लिहिणाऱ्याचं आडनावच विक्री, याचं हसू मेसमध्ये फक्त मला आणि नांदेडच्या मैत्रिणीला आलं. बिचाऱ्याला १९९६ साली नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत तो गेला.

नियम साधा आहे. बंद पाकिटात बोली, मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच भरायचे. मग बाकीचे काहीही करोत, आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढीच बोली लावावी. कारण माझ्या बोलीने मी जिंकते की नाही एवढंच ठरतं, किती भरते ते नाही. प्रूफ चार ओळींचं, आणि या सेमिस्टरमध्ये पाठ न करता आलेलं बहुधा एकमेव. गेम थिअरीतल्या जॉन नॅशचा समतोलावरचा १९५०चा पेपर दोन पानांचासुद्धा नाही, पण त्यामागचं काकुतानीचं गणिती प्रमेय पचवण्यात माझे तीन आठवडे गेले. कळलं का ते विचारू नये.

संध्याकाळी आईचा फोन. तिची भिशी होती आज. बारा जणी, दोन-दोन हजार, म्हणजे चोवीस हजार. जिला गरज ती रकमेतला काही भाग, म्हणजे घट, सोडून बाकीची उचलते; सगळ्यांत जास्त घट सोडेल तिला रक्कम, आणि घट सगळ्यांत सारखी वाटतात. आज घट ३,६०० वर गेली, म्हणून प्रत्येकीने १,७०० च भरले. मी उत्साहाने तिला विक्री समजावला. खरी बोली लावायची, उगाच चढवायची नाही.

"अगं, मला पैसे नकोच होते," आई म्हणाली. "समोर बोली लावत होती तिच्या मुलाची फी भरायची तारीख जवळ आलीय, ती सोडणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून मी दोन हजारांपासून चढवत नेलं."

फोन ठेवल्यावर वही उघडली. आईचं बरोबर होतं! विक्रीच्या लिलावात हरणाऱ्याच्या पदरात शून्य पडतं, म्हणून किंमत किती चढली याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. भिशीत हरणारीलाही घटीचा बारावा हिस्सा मिळतो. आई थांबते तिथे घट ठरते, म्हणजे हरूनही भाव तीच ठरवते. त्या चार ओळींतली तिसरी तिथेच कोसळते. शिवाय प्रत्येकीची गरज फक्त तिलाच ठाऊक, हे आमचं लाडकं गृहीतक. बारा जणींच्या चहाच्या बैठकीत? कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना तोंडपाठ.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. १,६०० रुपयांनी चढवून आईच्या वाट्याला जेमतेम १३३ आले, आणि फीवाल्या काकूंच्या हातात मात्र २०,४०० च पडले. हे वहीत कुठे लिहायचं ते सुचेना. परत फोन लावला, पण विचारलं भलतंच: कधी तूच अडकलीस का?

"एकदा. समोरची गप्पच बसली. एकोणीस हजार घेऊन आले घरी, नको असताना. बाबांना सांगू नकोस."

प्रश्न ४ कोराच आहे. सोमवारी सबमिशन.