आडोशाचं पाणी

दिवे घाटाबद्दल मला काही विचारू नका. घाट चढलो एवढं खरं. पताकांनी भरलेली ती वळणं, बैलांच्या जादा जोड्या लावून चढणारा रथ, हे सगळं पुढं लोकांनी काढलेल्या फोटोत बघितलं. त्या दिवशी हिचं डायलिसिस होतं. तिसऱ्या तासाला बीपी उतरल्याचा ताईंचा फोन हडपसरच्या पुढं आला आणि बोलता बोलता तुटला. लाखो माणसं एका रस्त्यावर आल्यावर फोन लागतोय कशाला! सासवडपर्यंत मी मोबाइलवरच्या रेंजच्या काड्या बघत चाललो. सोपानकाकांच्या गावात शिरल्यावर एकदाचा फोन लागला, तर ताई म्हणतात, "सलाइन दिलं, उठून बसलीय, पोहे मागतीय. तुम्ही कशाला सारखे फोन करता दाजी? चाला की गुमान." पोहे मागतीय! एवढं चालून पायाचं जे झालं नव्हतं ते त्या एका शब्दानं झालं. रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसलो आणि कुणी काही विचारायच्या आत उठलो.

मी जाणार नव्हतोच. वडील होते तोवर आमच्या घरातली वारी त्यांची. रथामागच्या दिंडीत त्यांची टाळकऱ्यांतली जागा ठरलेली. ते गेल्यावर मी दोन-चारदा लोणंद ते फलटण असं सुट्टी बघून चाललो, आणि हिच्या किडन्यांचं निघाल्यापासून तेही बंद. आठवड्यातून तीनदा कोरेगावहून साताऱ्याला न्यायचं, चार तास मशीनवर, परत आणायचं. खर्च फुले योजनेत होतो म्हणून निभावतंय. बाकीचं सगळं माझ्याकडं. सकाळी वजन, भाज्या उकळून ते पाणी ओतून मग फोडणी, मीठ बेतानं, केळं नाही, नारळपाणी नाही, आणि प्यायचं पाणी दिवसाला लिटरच्या आत. चहा, ताक, आमटी, सगळं त्यातच धरायचं. मी वही ठेवली होती. हिला त्या वहीचा राग यायचा.

"तुम्ही जावा," हीच म्हणाली. "आबांची जागा रिकामी हाय. आन् मलाबी जरा तुमच्यापासनं सुट्टी मिळू द्या."

इचलकरंजीहून ताई आल्या, म्हणजे हिची थोरली बहीण. माझा रक्तगट जुळत नाही. ताईंचा जुळतो, आणि त्यांनी आपण होऊन किडनी देते म्हणून सांगितलंय. तपासण्या चालू आहेत. कायद्यानं बहीण जवळची नातेवाईक, त्यात अडचण नाही. अडचण आमचे साडू. भला माणूस, यंत्रमाग चालवतो. पण गेले कित्येक महिने या विषयावर तोंड मिटून बसलेला. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. दवाखान्यात दात्याच्या घरच्यांचंही ऐकून घेतात, तिथं हा गडी काय बोलेल याचा नेम नाही. मी त्याला कोणत्या तोंडानं विचारणार? उद्या माझ्या बायकोला कुणी किडनी मागितली असती तर मी काय बोललो असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

दिंडीत हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरी येणारा प्रत्येक जण काही ना काही औषध सांगून जातो. कुणी काढा, कुणी कसली पानं, कुणाचा मिरजेकडचा वैद्य. निदान चालताना तरी ते नको होतं. शिवाय इथं म्हणणार, माउली बघून घेतील. माउलींनी बघायचं तर मग साताऱ्याच्या खेपा कोण घालतंय? असं मनात यायचं, आणि त्याच वेळी तोंडानं हरिपाठ चालू असायचा. दोन्ही एकदम चालतं. वडिलांचं चालत होतं का, कुणास ठाऊक.

रात्री मात्र पकडला गेलो. हिच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे मशीनसाठी शीर धमनीला जोडून घेतलेली. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, मशीनची सोडून दुसरी सुई नाही, जड उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. निजताना मनगटाच्या वर तळवा टेकला की कातडीखाली थरथर लागते. ती लागली की सगळं ठीक. मला झोपेतसुद्धा चाचपायची सवय लागलीय. वाल्ह्याच्या मुक्कामात अर्ध्या रात्री हात गेला, थरथर लागेना, दचकून उठलो, तर मनगट शेजारच्या परभणीकडच्या बाबांचं. "काय डॉक्टर," बाबा अंधारात म्हणाले, "चालू हाय का बंद पडलंय?" तेव्हापासून राहुटीत मी डॉक्टर झालो. पोट बिघडलेले, गुडघे धरलेले सगळे माझ्याकडं. मी झेडपीच्या शाळेतला मास्तर. हिच्यासाठी बाळगलेल्या गोळ्यांची नावं तोंडपाठ आहेत, एवढंच.

नीरेत पादुकांचं स्नान झालं आणि आमचा जिल्हा लागला. लोणंदला यायचं हिच्या फार मनात होतं. आगगाडीनं कोरेगावहून कितीसं लांब! पण हिमोग्लोबिन आठाच्या आसपास, गर्दीत खोकणारी निम्मी माणसं. डॉक्टर नको म्हणाले. मग व्हिडिओ कॉलवर रथ दाखवायचं ठरलं. रथ आला तेव्हा मी हात वर केला आणि पुढच्या बाईनं छत्री उघडली. हिनं पाच मिनिटं छत्रीची गुलाबी फुलं बघितली. "झालं दर्शन," म्हणाली. चेष्टेत म्हणाली का कशी, आवाजावरून कळलं नाही.

चांदोबाच्या लिंबाजवळच्या रिंगणात मला एका पोलिसाची पाठ आणि धूळ दिसली. अश्वाच्या टापांखालची माती म्हणून कुणीतरी माझ्या कपाळाला लावली. असेलही.

तरडगावहून फलटणला निघालो त्या दिवसाचं मात्र सगळं आठवतं. पाऊस नव्हता. आभाळ भरून यायचं, वाऱ्यानं पांगायचं आणि मग ऊन असं लागायचं की डांबर चपलेला चिकटत होतं. डाव्या टाचेखाली फोड, अंगठ्याशेजारी दुसरा. चालायची लय गेली की टाळाची लयही जाते. पुढच्या ओळीतला एकजण दोनदा मागं वळून बघायला लागला, तसा मी टाळ गळ्यात अडकवून बाजूला झालो. आमची दिंडी पुढं गेली, मागच्या दिंड्या येत राहिल्या. एका कुलूप लावलेल्या गोदामासमोर पाण्याचा टँकर उभा होता. स्वयंसेवक पोरं आडवी येऊन प्रत्येकाच्या हातात पेला कोंबत होती, "माउली पाणी, माउली पाणी." पाइप फुटलेला, निम्मं पाणी रस्त्यावर. दिवसाला लिटर मोजणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला ते बघवत नाही. मी एका पोरावर ओरडलोसुद्धा. तो म्हणाला, "माउली, तुम्ही बसा जरा."

पेला घेतला, टँकरच्या मागं गेलो आणि चाकाआड उभं राहून प्यायलो.

"चोरी केली का रे लेकरा?"

मागं गोदामाच्या ओट्यावर एक म्हातारी पाय सोडून बसली होती. मळलेलं नऊवारी, डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून बाजूला ठेवलेलं, चघळून चघळून लाल झालेले दात. मी म्हटलं, चोरी कसली. ती म्हणाली, "मग पाठ फिरवून काहून पितूस? तिकडं समद्यायच्या म्होरं मिळायलंय की."

मला स्वतःलाच तोवर कळलं नव्हतं. आमच्या घरात हिच्यासमोर कुणी पाणी पीत नाही. आई, मी, पुण्याहून सुट्टीला येते ती लेक, सगळे स्वयंपाकघरात जाऊन, भांड्याचा आवाज न करता पितो. ही बाहेरच्या खोलीत बर्फाचा खडा चघळत टीव्ही बघते आणि आम्ही आत काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक असतं. आळंदीपासून मी असाच पीत आलो असणार, टँकरच्या आड, झाडाच्या आड.

सांगितलं मी म्हातारीला. कसं काय, कोण जाणे. सगळं सांगितलं, साडूंपर्यंत. तिनं हळहळ केली नाही, पांडुरंगाचं नाव काढलं नाही. मशीनवर किती येळ लागतो विचारलं. मग म्हणाली, "आमच्या भावाला व्हतं. त्याला म्या चोरून नारळाचं पाणी पाजलं, चांगलं असतंय म्हणून." पुढं काही बोलली नाही. पिशवीत हात घालून काहीतरी शोधत राहिली.

"पाय दे."

मी पाय मागं घेतला. आईच्या वयाच्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा! शिवाय वारीतला पाय, किती घाण. तिनं घोटा धरून ओढलाच. पिशवीतून सुई निघाली, काळ्या दोऱ्याचं रीळ निघालं. डोळ्यांना दिसेना तेव्हा जाणाऱ्या एका पोरीला थांबवून दोरा ओवून घेतला. सुई काडीच्या जाळावर धरली, फोडाच्या एका कडेनं घातली, दुसऱ्या कडेनं काढली. दोरा आत तसाच ठेवून दोन्हीकडं बोट-बोट टोकं सोडली. पाणी दोऱ्यावरून निथळायला लागलं. कातडं फाडायचं नाही, दोरा ओढायचा नाही, आपोआप सुकतंय, म्हणाली. अंगठ्याजवळच्या फोडालाही तेच. वर खोबरेल तेल आणि हळद, तिच्याच जुन्या पातळाची चिंधी. माझ्यातला मास्तर जंतुसंसर्गाचा विचार करत होता. ताईंना कळलं तर काय म्हणतील, हेही आलं मनात. पण तीन वर्षं घरात माझ्याकडून सगळ्यांना हवं नको बघून झालंय आणि कुणी माझा पाय असा हातात धरलेला नव्हता. मी बघत राहिलो. तिच्या हाताला तंबाखूचा वास होता.

मग तिनं त्या ओरडा खाल्लेल्या पोराला हाक मारली, दोन पेले मागवले. एक स्वतः घेतला, एक मला दिला. "पी. हितं. माझ्याम्होरं." मी प्यायलो. तिनंही घटाघटा पिऊन पेला पालथा घातला, वृंदावन डोक्यावर चढवलं आणि चालायला लागली. गाव विचारायचं राहिलं. पुढं प्रत्येक मुक्कामाला मराठवाड्याच्या दिंड्यांतून डोकावून बघितलं. तुळशी डोक्यावर घेतलेल्या सगळ्या म्हाताऱ्या पाठीमागून तशाच दिसतात.

फलटण, बरड, नातेपुते. एक पाऊस झाला, राहुट्यांत चिखल. माळशिरस की वेळापूर, नक्की आठवत नाही, तिथं आमच्या व्यवस्थापकांशी माझं मोबाइल चार्जिंगवरून भांडण झालं. जनरेटरवर माझा फोन आधी लागायला पाहिजे असं माझं म्हणणं. कारण सांगितलं असतं तर लागला असता. नाही सांगितलं, नुसताच भांडलो. वेळापूरच्या उतारावर मात्र धावलो, दोऱ्यासकट.

वाखरीच्या आधी एका संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला. सगळा तळ गप्प झाला आणि एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. तक्रार आहे असा त्याचा अर्थ, ती ऐकून घेतल्याशिवाय पुढं सरकत नाही. तक्रार कसली, तर चालताना मागच्यांनी रेटलं. खिशात फोन थरथरत होता, साडूंचं नाव. हजारो माणसं मुकाट उभी, तिथं फोन कसा घ्यायचा? तो थांबला, परत आला, परत थांबला. त्या दिंडीवर मी मनातल्या मनात काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. हरवलं-सापडलंचं सांगून झालं, आरती झाली, तेव्हा तळाबाहेर जाऊन फोन लावला.

"पाव्हणं, आज मी घिऊन गेल्तो मशीनला," साडू म्हणाले. "चार तास तितंच बसलो. बघिटलं." बराच वेळ मागची गाडीघोड्यांची वर्दळ ऐकू येत राहिली. "हिची तारीख घ्या म्हटलंय मी डॉक्टरास्नी. तुमी आल्यावर ठरवू. आन् हिकडं काळजी करू नगा, माग चार दिवस बंद ऱ्हायले तर काय गंजत न्हाईत."

मी बरं म्हटलं. आणखी काय म्हणणार? रात्री हरिपाठात माझा आवाज दोन पट्ट्या वर लागला. विणेकऱ्यांनी डोळे वटारले.

पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेचं नाव काढायचं नव्हतं, द्वादशीला साताऱ्याला पोहोचायचं होतं. चंद्रभागेत बुडी मारली, नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले. वडिलांना हे चाललं असतं. मुख्य काम चालण्याचं, असं ते म्हणायचे. एसटीला उभं राहून आलो.

घरी आईनं पायावर पाणी घातलं. टाचेतला दोरा बघून ताई अपेक्षेप्रमाणे ओरडल्या आणि आयोडीन आणायला गेल्या. ही वजन करून बसली होती, वही ताईंच्या अक्षरात नीट भरलेली. चुरमुऱ्याच्या प्रसादातले चार दाणे तिनं तोंडात टाकले, मीठ नाही ना ते विचारून.

"मागितलंस ना रे नीट हिच्यासाठी?" आई म्हणाली.

मी म्हटलं, आत गेलोच नाही. आणि मागायचं काय त्यात? विणेकरीबुवा सांगतात, वारकऱ्यानं नवस बोलू नये.

"बरं केलं," ही म्हणाली. "न्हाईतर फेडायला परत गेलं असतं."

आई काही बोलेना. पाय पुसायचा पंचा हातात घेऊन उभी राहिली.

"आई," ताई दारातून म्हणाल्या, "सांगा की आता."

आईनं नवस बोलून ठेवला होता. हिचं ऑपरेशन पार पडलं तर पुढल्या वर्षी आळंदी ते पंढरपूर पायी. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तेव्हा चालणार कोण, तर माझ्या नावावर. आणि अनवाणी.