दोन रंग भेटतात तिथे: पवनी आणि आंधळगाव

चित्रकार म्हणून माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो दोन रंग एकमेकांना भिडतात त्या रेषेत. करवती साडीचा, म्हणजे टसर रेशमाच्या साडीचा, करवतीसारखा दातेरी काठ मला कित्येक वर्षं खुणावत होता तो त्यामुळेच. या फेब्रुवारीत ही साडी विणली जाते त्या भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावला जायचं नक्की केलं आणि वाट मुद्दाम पवनीवरून काढली.

नागपूरहून उमरेड, भिवापूर. भिवापूरच्या आसपास वाळत घातलेल्या मिरचीने डोळे चुरचुरले, तिथे थांबले नाही.

पवनी वैनगंगेकाठचं फार जुनं गाव. 1969-70 मध्ये इथे उत्खनन झालं, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याचे दगडी खांब मला पाहायचे होते ते त्यांच्या खाचांसाठी. सुतार लाकडात खोबण पाडून आडवा दांडा बसवतो, अगदी तीच रीत त्या काळच्या पाथरवटाने दगडात उतरवली. खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. एकावर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग आहे, शेजारी त्याचं नावही कोरलेलं. मी टेकडीवर बसून फक्त खाचांची चित्रं काढली. इतक्या जुन्या काळी विणकर, सुतार, पाथरवट एकमेकांचं काम पाहून शिकत असणार, असं मला मनापासून वाटतं.

आंधळगावात एका कोष्टी काकांच्या घरी मागाशेजारी जागा मिळाली. माग खड्ड्यातला, पाय खाली सोडून बसायचं. धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधनं, तीन: एक साडीच्या अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. अंगाचा कोशाचा (टसर रेशमाचा) बाणा, म्हणजे आडवा धागा, काठापाशी येतो, काठाच्या बाण्यात अडकतो आणि मागे फिरतो. पुढच्या ओळींत ही अडकण थोडी पुढे, मग थोडी मागे सरकते आणि करवतीचे दाते उमटतात. म्हणजे हा काठ नंतर जोडलेला नाही, वरून छापलेला तर नाहीच. प्रत्येक ओळीला दोन रंगांची गाठभेट हाताने घडवावी लागते. मी कॅनव्हासवर एका रंगाची कड दुसऱ्याखाली सहज दडवते. इथे दडवायला जागाच नाही.

"घाई केली का काठ सुटते, ताई," काका म्हणाले. नजर मागावरच.

पडवीत काकू सोड्यात उकळलेल्या कोशांचे तंतू एकत्र ओढून मांडीवर वळत होत्या. सूत काढायची यंत्रं आली आहेत, पण हातच्या सुताला जो बारीक खडबडीतपणा असतो तो कापडात दिसतो, उन्हात धरलं की जास्तच. रंग न देताही ते मधासारखं पिवळसर असतं. त्या मांडीची कातडी मात्र घासून काळी पडलेली. ही मेहनत साडीच्या किमतीत कुणी मोजत नाही, याची मला चीड येते. करवतीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, चांगलंच झालं. पण दातेरी काठाची नक्कल यंत्रमागावर स्वस्तात निघते आणि दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात. घ्यायचीच असेल तर गावात जा, विणताना पाहा, घरातूनच घ्या.

पावसाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडे जायचं आहे. तिथली ढिवर कुटुंबं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडतात आणि पक्षी-मुंग्यांपासून त्या राखत रानातच मुक्काम करतात. आंधळगावच्या मागावर चढणारं सूत अशाच झाडांवरून येतं, तेव्हा पुढची वही तिथे उघडायची.