‘सेड’ मेलं म्हणे

इंग्रजीतल्या ‘से’ या गरीब क्रियापदाचा, त्यातही त्याच्या ‘सेड’ या भूतकाळी रूपाचा, शाळेत जेवढा छळ होतो तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाचा होत नसेल. अमेरिकेतल्या अनेक वर्गांत ‘सेड इज डेड’ असा ठळक मथळा असलेला तक्ता भिंतीवर लावतात. त्याखाली पोरांनी ‘सेड’ऐवजी काय वापरावं याची यादी असते : रिप्लाइड, मटर्ड, एक्सक्लेम्ड, रिटॉर्टेड, व्हिस्पर्ड, बेलोड. थोडक्यात, गोष्टीतल्या कुणीही साधं काही म्हणायचं नाही. पुटपुटायचं, ओरडायचं, कुजबुजायचं, नाहीतर निदान फटकन उलट उत्तर द्यायचं.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसून इंग्रजी बातम्या मराठीत आणतो, आणि मला हे मेलेलं ‘सेड’ फार प्रिय आहे. वृत्तसंस्थेच्या चांगल्या कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, ते पानभर पसरलेलं असतं, पण कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. हवामान खात्याचा अधिकारी ‘सेड’, पोलीस ‘सेड’, ज्याच्या घरात पाणी शिरलं तोही ‘सेड’. बोलणाऱ्याचं नाव सांगून शब्द बाजूला होतो. बाकीचे समानार्थी शब्द बाजूला होत नाहीत, ते बातमीत आपलं मत घालून जातात.

समजा, एका अभियंत्याचं म्हणणं आहे की पूल सुरक्षित आहे. तो ‘सेड’ असेल तर जबाबदारी त्याची, आपण मोकळे. तो ‘क्लेम्ड’ असेल तर वाचक त्या पुलावरून जायचं टाळेल. ‘पॉइंटेड आउट’ केलं तर पूल खरोखरच सुरक्षित आहे अशी ग्वाही अभियंत्याबरोबर आपणही देऊन बसलो, कारण जे मुळात आहे तेच निदर्शनास आणून देता येतं. ‘इन्सिस्टेड’ म्हटलं की कुणीतरी समोर उभं राहून ‘नाही हो, पडेल’ म्हणतंय असं वाटतं. आणि ‘अ‍ॅडमिटेड’ म्हटलं तर पूल सुरक्षित असणं हाच गुन्हा ठरतो, त्याची बिचाऱ्यानं कबुली दिली. अभियंता पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच एक वाक्य बोलतोय.

मराठी डेस्कवर आमचा सगळ्यात लाडका सापळा म्हणजे ‘स्पष्ट केले’. ‘सांगितले’ आधीच्या वाक्यात येऊन गेलं, ‘म्हणाले’ त्याच्या आधीच्या, मग आता काय? करा स्पष्ट. मंत्र्यांनी वीस मिनिटं असं काही बोलावं की समोरच्या वार्ताहराला एक मुद्दा हाती लागू नये, आणि दुसऱ्या दिवशी छापून यावं की त्यांनी धोरण स्पष्ट केले! ‘नमूद केले’ची तीच गत. नमूद पंचनाम्यात करतात, चहा पिता पिता कुणी नमूद करत नाही.

‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूट’ या जोडीपाशी मात्र हात जपूनच टाकावा लागतो. पहिल्याचा अर्थ नाकारणं. दुसऱ्याचा जुना, काटेकोर अर्थ पुराव्यानिशी खोडून काढणं. इंग्रजी वर्तमानपत्रंच आता ‘रिफ्यूट’ सर्रास नुसत्या नकारासाठी वापरतात, त्यामुळे कॉपीत तो शब्द आला म्हणून ‘आरोप खोडून काढले’ असं लिहिलं, तर नेत्याला आपण परस्पर निर्दोष सोडलं. ‘फेटाळले’ लिहावं. फेटाळायला पुरावा लागत नाही, मान हलवली की पुरते.

मथळ्यात तर ‘से’ला प्रवेशच नाही. तिथे ‘स्लॅम’, ‘रॅप’, ‘फ्ले’ अशी आखूड, दांडगट क्रियापदं असतात. जागा थोडी, म्हणून शब्द आखूड आणि आखूड म्हणून खणखणीत. ‘फ्ले’चा मूळ अर्थ कातडी सोलणं आहे हे भारतीय इंग्रजी वृत्तपत्रं केव्हाच विसरली. विरोधी पक्ष रोज अर्थसंकल्पाची कातडी सोलतो आणि अर्थसंकल्प रोज नव्या कातडीनिशी उभा राहतो. आपणही काही कमी नाही. आपले नेते तोफ डागतात, टीकास्त्र सोडतात, समाचार घेतात. न्यायालय तर ताशेरेच ओढतं. या सगळ्या दारूगोळ्यातून सुटायची एकच युक्ती आहे, ती म्हणजे अपूर्णविराम. ‘पाऊस लांबणार : हवामान विभाग’. क्रियापदच गायब, वादच मिटला.

एकच शब्द पुन्हा येऊ नये म्हणून चाललेल्या या धडपडीला इंग्रजी कसं लिहावं याचं पुस्तक लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६ साली ‘एलिगंट व्हेरिएशन’, म्हणजे डौलदार फेरबदल, असं नाव दिलं. यातलं ‘एलिगंट’ कौतुकाचं नाही, टोमणा आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १९१० मध्ये, अमेरिकेत टॉम स्विफ्ट नावाच्या संशोधक पोराच्या पुस्तकांची मालिका सुरू झाली. तिथली पात्रं नुसती बोलत नसत. प्रत्येक बोलण्याच्या शेपटीला काही ना काही क्रियाविशेषण लटकलेलं असे. पुढे १९६३ च्या सुमारास त्याची टिंगल करणाऱ्या, बोलण्याच्या विषयावर क्रियाविशेषणातच कोटी करणाऱ्या वाक्यांची तिकडे साथच आली. त्यांना नाव पडलं टॉम स्विफ्टी. या कोट्या भाषांतरात मरतात, पण मराठीत नव्यानं पाडता येतात. ‘चहात साखरच नाही,’ ती कडवटपणे म्हणाली. ‘भजी झाली का?’ त्यानं कुरकुरत विचारलं. ‘सुरी कुठे ठेवलीस?’ आईचा आवाज धारदार झाला. पावसाळ्यात घरी बसून चार जणांनी खेळायला हा उत्तम खेळ आहे, मात्र तासाभरानं एकमेकांचं तोंड पाहवत नाही.

‘से’ आणि ‘टेल’ यांच्यात आपल्या लोकांची जी ओढाताण होते, तिचा उगम ‘त्याने सांगितलं की’ या वाक्यात आहे. ‘टेल’ला समोर माणूस हवा, कुणाला सांगितलं ते आधी सांगावं लागतं. आपल्या ‘सांगितलं’ला अशी अट नाही, म्हणून आपण बिनदिक्कत ‘ही टोल्ड दॅट’ म्हणून मोकळे होतो. पण नियमाच्या नावानं बोटं मोडण्याआधी पाहावं की इंग्रजी माणूस खोटं ‘टेल’ करतो, प्रार्थना ‘से’ करतो आणि गाणं मात्र गातो. आपण खोटं बोलतो, प्रार्थना म्हणतो आणि गाणंही म्हणतो. वारीत अभंग म्हणतात, शाळेत पाढे म्हणतात. ‘म्हणणे’ला सुराचं वावडं नाही.

तिकडची तरुण मंडळी आता ‘सेड’ही म्हणत नाहीत. ‘शी वॉज लाइक’ असं म्हणून पुढे जे वाक्य येतं, ते ती मुलगी खरंच बोलली की नुसतं तिच्या चेहऱ्यावर होतं, हे कळायला मार्ग नसतो. अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच याची दखल घेतली होती. पुण्यामुंबईच्या कॉलेजांत ते ‘आणि मी अशी की, काय??’ या रूपात केव्हाच येऊन स्थिरावलंय. ज्येष्ठांना हे ऐकून त्रास होतो. मला नाही होत. त्या ‘अशी’बरोबर भुवया, हात, मान सगळं येतं. पुटपुटणं, ओरडणं, कुजबुजणं यांच्यासाठी वेगळी क्रियापदं शोधायची गरजच उरत नाही.

पण या सगळ्या ढिगात मला हेवा वाटावा असा शब्द एकच, आणि तो आपल्याच घरचा आहे : ‘म्हणे’. ‘ते राजीनामा देणार म्हणे.’ इंग्रजीत हेच सांगायला ‘रिपोर्टेडली’, ‘अलेजेडली’ असे लांबलचक शब्द काढावे लागतात, आणि तरी त्यांत तो किंचित वाकडा झालेला ओठ येत नाही. कोण म्हणतं, कधी म्हणतं, खरं की खोटं, कशाचीही हमी नाही आणि बातमी मात्र पोचली. दुर्दैवानं वर्तमानपत्रात हा शब्द चालत नाही. तिथे आम्ही इस्त्री करून ‘असे समजते’ लिहितो. कुणाला समजतं, हे संपादकही विचारत नाहीत.