ट्रॉलीच्या कडेच्या पट्ट्या

मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी राउंडवर होते. "सिस्टर, डायलिसिसच्या काकांचा स्टॅफ एमआरएसए निघाला. सेफॉक्सिटिनचं वर्तुळ जेमतेम १४ मिलिमीटर." स्टॅफ हा जंतू, आणि एमआरएसए म्हणजे मेथिसिलिन व तशा नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ. सेफॉक्सिटिन या औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं की एमआरएसए, हे आम्हाला पाठ असतं. त्याच वॉर्डात महिन्याभरात हा तिसरा पेशंट. पोटात गोळाच आला.

काका किसननगरचे. हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या, अजून पिकायचा होता, म्हणून मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीवर, कॅथेटरवर, डायलिसिस चालू होतं. दोन दिवसांपूर्वी मशीनवर असतानाच त्यांना अशी हुडहुडी भरली की दोन ब्लँकेटं घालूनही पलंग हलत होता. तेव्हाच कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, रक्त घेऊन व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक लावलं होतं. आता कॅथेटरही काढला. काकांना वेगळ्या खोलीत हलवलं, दारावर गाऊन-ग्लोव्हजची पाटी लावली.

ती पाटी बघून काकूंनी मला थांबवलं. "आम्ही घरून येताना हे नव्हतं ना, सिस्टर?"

मी म्हटलं, "नाही काकू. बहुतेक इथेच लागलं."

बाहेर आल्यावर एक सहकारी म्हणाली, असं कबूल करायचं नसतं. मला ते पटत नाही. ज्यांच्या माणसाच्या रक्तात जंतू गेलाय, त्यांना खरं कळायलाच हवं. काकांच्या मुलाने विचारलं, साधी औषधं का चालत नाहीत? मेथिसिलिन १९५९मध्ये आलं आणि १९६१मध्ये ब्रिटनमध्ये त्याला दाद न देणारा स्टॅफ सापडलाही, हे मी त्याला सांगितलं. ते औषध आता कुणी वापरत नाही, जंतूच्या नावात तेवढं उरलंय.

मग मी वॉर्डात फाईल उघडून कोपऱ्यात उभी राहिले, अकरा ते एक. ड्रेसिंगची सिस्टर कामाला चोख. प्रत्येक पेशंटआधी हँडरब, नवे ग्लोव्हज, निर्जंतुक सेट. चुकतंय कुठे ते दिसेना. चौथ्या बेडला दिसलं. सुरुवातीलाच तिने मायक्रोपोरच्या, म्हणजे ड्रेसिंगच्या चिकटपट्टीच्या, दहा-बारा पट्ट्या कापून ट्रॉलीच्या कडेला ओळीने चिकटवल्या होत्या, म्हणजे मध्येच ग्लोव्हजच्या हाताने रोल धरायला नको. ट्रॉली बेडामागून बेड फिरत होती. पहिल्या पेशंटच्या जखमेला लागलेले ग्लोव्हज पट्टी उचलताना शेजारच्या पट्टीला लागत, आणि ती शेजारची पट्टी पुढच्या पेशंटच्या अंगावर जाई. रोल खिशातून काढून बघितला तर कड काळवंडलेली, तिला कापसाचे तंतू चिकटलेले.

ती रडवेली झाली. मी तिला जवळ घेतलं. मला वॉर्डात काम शिकवणाऱ्या सिस्टरांनी अशाच पट्ट्या कापायला शिकवल्या होत्या आणि मी वर्षानुवर्षं तेच केलं होतं.

कडेचा आणि रोलचा स्वॅब पाठवला. दोन दिवसांनी रोलवरून सोनेरी पिवळ्या कॉलनी उगवल्या, कुठल्या औषधांना दाद देतो नि कुठल्या नाही, ते काकांच्या रिपोर्टशी तंतोतंत जुळणारं. जनुकं तपासली नाहीत, त्यामुळे काकांना तिथूनच लागलं असं छातीठोक म्हणता येणार नाही. रोल आधी बाधला की पेशंटवरून बाधला, तेही नाही. पण थांबण्याची गरज नव्हती. त्याच दिवसापासून प्रत्येक पेशंटचा छोटा रोल त्याच्याच खणात राहायला लागला. ट्रॉली पुसायचं काम मावशींनी स्वतःकडे घेतलं, दोन बेडांच्या मध्ये एकदा, न चुकता. स्टाफच्या नाकाचे स्वॅब काढायला मी नको म्हटलं. भीती बसली की लोक लपवायला लागतात.

काकांच्या नाकात दिवसातून दोनदा म्युपिरोसिनचं मलम, पाच दिवस, आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंग पुसणं चालू झालं. पुढचं कल्चरही पॉझिटिव्हच आलं, ती रात्र मला झोप लागली नाही. त्यानंतरचं स्वच्छ आलं. टूडी इकोत हृदयाच्या झडपा ठीक निघाल्या. व्हँकोमायसिनचे दिवस आम्ही त्या पहिल्या स्वच्छ कल्चरपासून मोजायला घेतले.

नवा कॅथेटर बसल्यावर पहिल्या ड्रेसिंगला मी गेले, तर माझ्याआधी काकूंनी हातावर हँडरब चोळून खण उघडला होता. "हा आमचा रोल," त्या म्हणाल्या, "शेजारच्यांना देऊ नका, आणि त्यांचाही आम्हाला लावू नका."