एका पेल्यातली पुडी

श्रावणातला सोमवार. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरच्या आमच्या आरोग्य केंद्रात सकाळपासून जुलाबाचेच पेशंट. पावसाचं गढूळ पाणी विहिरींत उतरलं की दर वर्षी हेच होतं. दुपारी एक आजी दीड वर्षाच्या नातवाला पदराखाली घेऊन आल्या. आदल्या दिवशी ओआरएसची पुडी त्यांना मीच दिली होती.

दोन दिवस जुलाब झालेलं मूल मलूल पडतं. हे किंचाळत होतं. पाण्याची वाटी दिसली की दोन्ही हातांनी ओढत होतं. पोटाची कातडी चिमटीत धरली, तर मळलेल्या कणकेसारखी लागली.

"आजी, पुडी कशात घातलीत?"

"पेल्यात गो बाय. अख्खी पुडी घातलंय नि चमच्याचमच्यान पाजलंय."

माझ्या पोटात धस्स झालं. पुडी लिटरभर पाण्याची. नीट विरघळवली तर द्रावणाची तीव्रता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, लिटरला 245 मिलिऑस्मोल होते, रक्ताच्या साधारण 290 पेक्षा कमी. पेल्यात मावतं 200 मिली. म्हणजे पाचपट, 1225. बाहेरचा समुद्रसुद्धा हजाराच्या आसपासच भरतो.

ओआरएसमधली साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशीच्या पटलात एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन आयन सोबत घेतं. पलीकडच्या बाजूचे पंप ते सोडियम रक्ताकडे ढकलतात आणि पाणी त्याच्यामागून जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी 1960 साली प्रागमध्ये मांडली. पटकीतही (कॉलऱ्यातही) ही वाट शाबूत असते, म्हणून तर 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस मीठ-साखरेच्या पाण्यावर माणसं वाचवू शकले. पण पाणी जातं ते जिकडे क्षार दाट तिकडे. इथे ते उलटं आतड्यात ओढलं गेलं होतं, आणि रक्तात चढलेलं सोडियम पेशींतलं पाणी काढून घेत होतं. मेंदूच्या पेशींतलंही.

हे आजींना कसं सांगावं? त्या मासे खारवून विकणाऱ्या. म्हटलं, "बांगड्याला मीठ लावलं की परातीत काय साचतं?"

"पाणी सुटता." त्या थांबल्या. नातवाकडे बघितलं. "म्हणजे मी ह्येका खारवलंय?"

"चूक माझी आहे, आजी. 'पाण्यात घालून पाजा' एवढंच बोलले मी. किती पाणी, ते सांगितलंच नाही." बाहेर रांग लागली होती, पण ते काही कारण नव्हे.

108 बोलावली, मी सोबत गेले. जिल्हा रुग्णालयात रक्तातलं सोडियम 158 आलं. 145 च्या वर नसावं. आजी विनवत होत्या, "पोटभर पाणी देवा तरी." ते देता येत नव्हतं. आक्रसलेल्या पेशींवर एकदम पाणी आलं की त्या फुगतात, मेंदूला सूज येते, झटके येतात. दोन दिवस घेऊन, हळूहळू सोडियम उतरवलं. दुसऱ्या रात्री पोर शांत झोपलं.

आठवड्याने आजी एकट्याच आल्या, पिशवीत घरचा टोप घेऊन. "लिटर म्हणजे खयसर, ता दाखव." मी लिटरची बाटली त्यात ओतली. पाणी स्थिर होईपर्यंत त्या वाकून बघत राहिल्या, मग खिळ्याने टोपाच्या आत रेघ ओढली. खोल, दोनदा.