राबाईला येऊन आठ दिवस झाले

१४ ऑगस्ट, रात्री, मच्छरदाणीत बसून

आज लिहायलाच हवं. दोन दिवस झाले डोक्यात तेच फिरतंय आणि उद्या सकाळपासून परत पळापळ सुरू होईल.

राबाई म्हणजे केनियातलं मोंबासापासून आत वीस-पंचवीस किलोमीटरवरचं गाव. नारळ, आंबा, काजू, पहिल्या दिवशी गाडीतून बघताना एकदम कोकणात आल्यासारखं वाटलं मला. आम्ही नऊ जण आमच्या चर्चतर्फे आलोय, बारा दिवसांसाठी. मुलांचं व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, घ्यायची, शाळेच्या दोन वर्गांना रंग द्यायचा आणि घरोघरी भेटी द्यायच्या, असं काम ठरलेलं. इथे येण्याआधी येलो फीवरची लस, ते पिवळं कार्ड, मलेरियाच्या गोळ्या, व्हिसासारखी ती ऑनलाइन परवानगी, सगळ्यात दोन महिने गेले, आणि पैसे मंडळीने वर्गणी काढून जमवले. महिला मंडळाने लोणची-पापड विकले. आमच्या चर्चमधल्या एका आजींनी पेन्शनमधले पाचशे रुपये हातात ठेवले आणि म्हणाल्या, माझ्या वतीने जाऊन ये गं. ते पाचशे रुपये इथे रोज आठवतात.

आणि आठवतात ते पहिल्या सकाळच्या पाण्यामुळे.

नैरोबीहून ट्रेनने आलो, मग पुढे कच्चा रस्ता, केसांत लाल धूळच धूळ. ज्या घरी मला आणि आमच्यातल्या अजून एका ताईला ठेवलंय तिथे न्हाणीत पिवळा वीस लिटरचा कॅन भरून ठेवलेला होता. मी केस धुतले, परत एकदा धुतले, कॅन रिकामा केला. कुणी काही बोललं नाही. दुपारी घरातली मोठी मुलगी, चौदा एक वर्षांची असेल, तोच कॅन घेऊन निघाली तेव्हा मी सहज म्हटलं मी पण येते. उतारावरून खाली, मग मुख्य रस्त्याच्या कडेने, तिथे एक टपरीवजा नळ, कॅनमागे पैसे मोजून पाणी घ्यायचं, रांग. येताना पूर्ण चढ. तिने ओढणीसारख्या कापडाची चुंबळ केली, कॅन डोक्यावर घेतला आणि मान जराही न हलवता चालायला लागली. मी रिकाम्या हातांनी मागे, तरी धापा टाकत होते, तर ती वळून मला म्हणते, 'पोले'.

पोले म्हणजे सॉरी नाही. म्हणजे तुला त्रास होतोय ते मला दिसतंय. तुम्ही ठेचकाळलात, दमलात, घरात कुणी वारलं, सगळ्याला पोले. चूक आपली असायलाच हवी असं काही नाही. आपल्याकडे कुणी पडलं की बायका 'अगं बाई गं' म्हणतात ना, तसं काहीसं. वीस लिटर तिच्या डोक्यावर आणि पोले मला. त्या चढावर मला रडू आलं आणि मी ते घामात पुसून टाकलं.

तेव्हापासून मी अर्ध्या बादलीत अंघोळ करतेय.

रविवारची उपासना लिहायची राहिली. त्यांचं अँग्लिकन चर्च, आमच्या सीएनआयसारखीच, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारखीच, उपासनेची मांडणी, त्यामुळे भाषेतलं फार काही न कळताही कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे ते कळत होतं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तशी मी मनात मराठीत म्हणायला लागले आणि त्यांचे पहिले दोन शब्द कानावर आले, 'बाबा येतू'. आमचे बाबा. स्वाहिलीत वडिलांना बाबाच म्हणतात, आणि येशू म्हणजे येसू. किताबू, कलामू, दुनिया, रंगी, चाय, चपाती, दावा म्हणजे औषध. मुलांना मी एकेक वस्तू दाखवून आमच्याकडे काय म्हणतात ते सांगितलं तर ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. फक्त मामा म्हणजे आई, ते मात्र मला अजून जड जातं, घरच्या बाईंना मामा म्हणून हाक मारताना दर वेळी माझे खरे मामा डोळ्यांसमोर येतात.

दानाच्या वेळी एकाने अंडी आणली, एकीने नारळ, एका म्हाताऱ्या बाबांनी जिवंत कोंबडी, आणि उपासना झाल्यावर बाहेर सगळ्याचा लिलाव. आपल्याकडे कापणीच्या सणाला होतो तस्साच. मी दोन नारळ घेतले आणि मामांना दिले.

आता परवाचं. ज्याच्यासाठी वही काढली ते.

इथल्या पाळकसाहेबांनी आम्हाला जुनं चर्च दाखवायला नेलं. क्राफ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ला मोंबासाला आला, दोनेक महिन्यांतच बायको आणि नुकतं जन्मलेलं बाळ दोन्ही गेले, तरी तो राहिला आणि नंतर राबाईत काम सुरू केलं, हे सांगत होते. मग मला विचारलं भारतात कुठून? मी म्हटलं नाशिक, तुम्हाला माहीत नसेल, मुंबईजवळ. ते थांबले. म्हणाले, नासिक? मग आमची माणसं तुमच्याकडेच होती की.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या काळी इथून पकडून नेलेली माणसं, लहान लहान पोरं, गुलाम म्हणून गलबतांतून विकायला जायची. इंग्रजांच्या आरमाराने अशी काही गलबतं पकडली, त्यांतली बरीच मुलं मुंबईला उतरवली, आणि त्यांतली काही तिथून नाशिकला शरणपूरला मिशनच्या आश्रमात आली. तिथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. मोठी झाल्यावर १८६० नंतर त्यांच्यातलेच काही जण परत आफ्रिकेत आले आणि इथे राबाईत शिक्षक, प्रचारक म्हणून राहिले. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. शरणपूर चालवणारे प्राइससाहेबच पुढे इथे आले आणि १८७५ला मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी वस्ती वसवली, फ्रेअरटाउन, आपल्या मुंबईच्या गव्हर्नर फ्रेअरच्या नावाने. तिथली घंटा अजून आहे, गुलाम पकडणारे येताना दिसले की वाजवायची. आफ्रिकेत फिरलेला तो प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन वारला तेव्हा झाडावर त्याचं नाव कोरणारा आणि देहाबरोबर थेट लंडनपर्यंत जाणारा जेकब वेनराइटसुद्धा नाशिकचाच विद्यार्थी.

मी शरणपूर रोडने अकरा वर्षं नोकरीला जातेय. रिक्षावाल्याला रोज सांगते, शरणपूर रोड घ्या. शरण आलेल्यांचं पूर, हे एकदाही मनात आलं नाही. शब्बाथ शाळेत शिकले, आता शिकवते, पण हे कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

रात्री झोपच लागेना. आठ-नऊ वर्षांचं पोर आईच्या हातातून ओढून नेलेलं, समुद्र, मग मुंबई, मग गोदावरीकाठचं आपलं नाशिक, तिथली थंडी. त्याला मराठी येत असेल का, बाजारात भाकरी मागताना काय म्हणत असेल, आणि मोठं होऊन परत या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा स्वतःच्या आईची भाषा तरी आठवत होती का. ते आले तेव्हा त्यांच्याकडे रिटर्न तिकीट नव्हतं. माझ्या बॅगेत आहे, १८ तारखेचं.

मी इथे मिशनला आले असं घरी सगळ्यांना सांगून आलेय. आमच्या आधी दीडशे वर्षं नाशिकहून माणसं येऊन गेली आणि इथल्या मातीतच राहिली, हे कळल्यावर तो शब्द तोंडातून पटकन निघत नाही.

काल टीमच्या प्रार्थनेत मी बोलले. वर्गांना आपण रंग दिला तो इथल्या तरुण संघाच्या पोरांनी आपल्यापेक्षा चांगला दिला असता, आपण लांबून आलो म्हणून त्यांनी ब्रश आपल्या हातात दिले. नऊ तिकिटांच्या पैशात शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला मोठ्या टाक्या बसल्या असत्या. पुढच्या वर्षी दोघांनीच यावं आणि बाकीचे पैसे टाकीला द्यावेत. एक-दोघांना वाईट वाटलं, आमचे लीडर म्हणाले मग ही ओळख कशी झाली असती. तेही खरंच आहे, मी आले नसते तर मला पाणी दिसलंच नसतं. पण घरी गेल्यावर महिला मंडळात मी टाकीचंच बोलणार आहे, आणि त्या आजींना आधी.

आज संध्याकाळी मामांबरोबर अंगणात शेंगा सोलत बसले होते. इथे म्बाझी म्हणतात, नारळाच्या दुधात शिजवतात, सकाळी त्याबरोबर माहामरी, म्हणजे वेलदोडा घातलेले तळलेले गोड पाव. शेजारच्या मुस्लिम घरातून रोज आमच्यासाठी चार येतात. शेंग सोलली आणि दाणे बघून मी ओरडलेच, अहो ही तर तूर! मामांनी विचारलं काय म्हणतात? तूर. त्यांनी हातातला दाणा वर धरला, म्हणाल्या, तुरी. मुलीने पण म्हणून बघितलं. मग तिघी जणी अंधार पडेपर्यंत सोलत बसलो, बोलणं फारसं नाहीच.

उद्या पंधरा ऑगस्ट. मुलांना तिरंगा रंगवायला कागद काढून ठेवलेत. त्याआधी पहाटे मुलीबरोबर पाण्याला जायचंय, रांग कमी असते तेव्हा. तिने माझ्यासाठी दहा लिटरचा छोटा कॅन शोधून दाराशी ठेवलाय.