तिरक्या अक्षराचे कूळ

संगणकावर लिहिताना वरच्या पट्टीत जाड अक्षराच्या शेजारी एक कललेला ‘आय’ असतो. पुस्तकाचे नाव आले किंवा एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असला की तो दाबायचा, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. मराठी मजकुरावर तो दाबला की बहुधा मूळचीच अक्षरे उजवीकडे ढकलली जातात. शिरोरेषा आडवी राहते, काने मात्र कलतात, आणि मला तरी तो शब्द जोरकस न वाटता अवघडलेला वाटतो. इटॅलिक म्हणजे सरळ अक्षर तिरके केलेले, अशी समजूत यामागे आहे आणि ती चुकीची आहे.

पंधराव्या शतकातल्या इटलीत विद्वानांचे झरझर लिहिण्याचे एक स्वतंत्र वळण होते. जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला करणाऱ्या फ्लॉरेन्सच्या निकोलो निकोलीच्या हातून ते घडले आणि पुढे कचेऱ्यांतही रुळले. अक्षरे अरुंद, एकमेकांना टेकलेली, लेखणी शक्य तितकी कमी उचलावी लागेल अशी. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी यांचे जे नाते होते, तसेच काहीसे तिथल्या सरळ रोमन अक्षराचे आणि या धावत्या वळणाचे होते.

व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस याने हे वळण छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांत, आणले. १५०० साली छापलेल्या सिएनाच्या संत कॅथरीनच्या पत्रसंग्रहातील एका चित्रात या अक्षरांतले मोजके शब्द दिसतात, आणि १५०१ साली प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांचे पुस्तक त्याच अक्षरांत निघाले. सबंध पुस्तक, हे इथे लक्षात घ्यायचे. शब्दावर जोर देण्याचे काम या अक्षराकडे तेव्हा नव्हतेच. सरळ मजकुरात तिरका शब्द पेरण्याची रीत सोळाव्या शतकातच पण नंतर रुळली. आल्डसच्या पुस्तकांत तर कॅपिटल अक्षरे सरळच उभी असत. कागद तीनदा दुमडून आठ पाने करायची, भोवतीची टीका-टिप्पणी गाळायची आणि हातात सहज मावेल असे पुस्तक द्यायचे, ही त्याची खरी कल्पना. जागा वाचावी म्हणून हे अक्षर काढले असे सर्रास सांगतात, पण पुस्तक लहान झाले ते मुख्यतः कागदाच्या घडीमुळे. अक्षराने वाचकाला आपल्याच वर्तुळातल्या सुशिक्षिताचा हात छापलेल्या पानावर भेटवला, असे मला वाटते.

तो हात धातूत उतरवणारा कारागीर होता बोलोन्याचा फ्रान्चेस्को ग्रिफो. पोलादाच्या ठशावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. लेखणी न उचलता लिहिल्याचा भास हवा, म्हणून ग्रिफोने कितीतरी जोडाक्षरेही कोरली, आणि त्यामागचे कष्ट छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मराठी जुळाऱ्यांना वेगळे सांगायला नकोत. व्हर्जिलच्या पुस्तकात आल्डसने त्याचे कौतुक केले खरे, पण या अक्षरांच्या वापराचा परवाना व्हेनिसच्या सरकारकडून घेतला तो स्वतःच्या नावे. ग्रिफो व्हेनिस सोडून गेला. १५०३ साली सोन्चिनो या दुसऱ्या मुद्रकाने, अक्षराचा खरा निर्माता ग्रिफोच, असे छापून टाकले. त्याच वर्षी, फ्रान्समधल्या ल्यों शहरातून निघणाऱ्या चोरट्या आवृत्त्यांना वैतागलेल्या आल्डसने ग्राहकांना नकली माल ओळखता यावा म्हणून त्यांतल्या चुकांची यादी प्रसिद्ध केली. ल्योंच्या मुद्रकांनी तिचा उपयोग त्या चुका दुरुस्त करण्यासाठी केला, असे सांगतात, आणि मला ते सहज पटते.

नावाच्या बाबतीत ग्रिफोचे दैव पुढेही तसेच राहिले. त्याने १४९५ च्या सुमारास आल्डससाठी एक सरळ टाईप कोरला होता, आणि त्यात पिएत्रो बेम्बो या तरुण लेखकाची छोटी पुस्तिका निघाली होती. इंग्लंडच्या मोनोटाईप कंपनीने १९२९ साली तो टाईप नव्याने काढला आणि त्याला नाव दिले बेम्बो. महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांतून लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे ज्यावर लावले गेले तो पेजमेकर १९८५ साली आला, आणि तो काढणाऱ्या अमेरिकी कंपनीचे नाव होते आल्डस.